बेटावर घरोघरी कचरा संकलन : हिशेब होडीपासून मागे

बेटावरच्या गावात कचरा गोळा करायची योजना बहुतेक वेळा घराच्या दारापासून सुरू होते. डबे वाटतात, घंटा येते, दोन बाया नेमतात, आणि तीन महिन्यांत जेट्टीजवळ गोण्यांचा डोंगर उभा राहतो. गोळा केलेलं पुढे न्यायची सोय कुणी पाहिलेली नसते. म्हणून आम्ही हे काम उलटीकडून लावतो. समोरच्या काठावर कोण काय उचलणार हे आधी ठरवायचं, मग होडी, मग कचरा निवडायची आणि साठवायची शेड, मग पायवाट आणि सगळ्यात शेवटी घर. गाव दिवसाला किती कचरा काढतं हा आकडा लागतोच, पण एका होडीत एका भरतीला किती मावतं हा त्याहून मोठा आकडा आहे. बाकी सगळं त्यात बसवावं लागतं.

उदाहरणाला घारापुरीची ठेवण घेतो, कारण ती अनेकांनी पाहिलेली आहे. उरण तालुक्यातलं हे बेट, शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशा तीन वस्त्या, साधारण बाराशे लोक, मधे डोंगर. वाहनांचे रस्ते नाहीत, पायवाटा आणि पायऱ्या आहेत. समुद्राखालच्या केबलने वीज आली ती २०१८ साली. लेण्यांमुळे दिवसभर पर्यटक असतात, पण त्यांना रात्री राहायला परवानगी नाही, त्यामुळे घरांचा कचरा आणि पर्यटकांचा कचरा वेगळा मोजता येतो. पुढचे आकडे अशा आकाराच्या कुठल्याही बेटासाठी मांडलेला हिशेब म्हणून वाचावेत. गोव्यातल्या दिवाडी किंवा चोडणसारख्या बेटाला यातलं अर्धं लागत नाही. तिथे फेरीबोटीत टेम्पो चढतो, म्हणजे ते कचऱ्यापुरतं मुख्य जमिनीसारखंच गाव झालं. जिथे चाक होडीत चढत नाही, तिथला प्रश्न वेगळा.

आधी मोजणी. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंदवही, घेऊन बसायचं. पण त्यावर थांबायचं नाही. त्यात भाडेकरू नसतात, गावठाणाबाहेर वाढलेली घरं नसतात, टपऱ्या नसतात, आणि मुंबईला गेलेल्यांची कुलूपबंद घरं असली तरी ती गणपतीत आणि शिमग्याला उघडतात हे त्यात लिहिलेलं नसतं. वही आणि रंगाचा डबा घेऊन प्रत्येक दाराशी जायचं आणि चौकटीवर क्रमांक टाकायचा. शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र, देऊळ, खानावळ यांनाही क्रमांक द्यायचा. ‘सगळी घरं’ हा शब्द कागदावर खरा करायचा तर यादीत नसलेलं एकही दार उरता कामा नये. जे दार यादीत नाही, त्याचा कचरा ओढ्यात किंवा तिवरांत सापडतो.

मग वजन. सलग सात दिवस, त्यात एक रविवार आणि एक मासळीचा दिवस आलाच पाहिजे. ५० किलोचा लटकता ताणकाटा, ताडपत्री आणि पाच ढीग : ओला, विकला जाणारा सुका, न विकला जाणारा सुका, राख-माती, आणि सॅनिटरी पॅड-डायपर. गावाकडे माणशी दिवसाला २०० ते ३०० ग्रॅम धरून चालता येतं. २५० धरले तर बाराशे लोकांचे ३०० किलो. त्यात साधारण १७० किलो ओला, ९० किलो सुका आणि ४० किलो राख, केर, पॅड वगैरे, असा अंदाज घेऊन सुरुवात करावी आणि आपल्या काट्यावर तो दुरुस्त करावा. चुली जास्त असतील तर राख वाढते. सुकवलेल्या मासळीचं गाव असेल तर ओल्यात डोकी, पिसारे, कोळंबीची सालं जास्त येतात, आणि ती भाजीच्या देठांसारखी वागत नाहीत.

या आकड्यांनी एक गोष्ट लगेच ठरते : ओला कचरा होडीत चढता कामा नये. निम्म्याहून जास्त वजन त्याचं आहे, त्यातलंही बरंचसं पाणीच आहे. शिवाय गळणारी गोण दिसली की नाखवा पुढच्या खेपेला येत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. होडीला घरात लक्ष्मी मानतात. ज्या होडीतून मासळी येते आणि तांदळाची पोती येतात, तिच्यात कचरा ठेवायला माणूस नाखूश असतो. हा आक्षेप बाजूला सारू नये. कचऱ्यासाठी एक जुनी, मासेमारीतून निघालेली होडी वेगळी ठरवली आणि तिचं भाडं खेपेवर न ठेवता महिन्यावर बांधलं, की काम चालतं.

सुक्याचा प्रश्न वजनाचा नाही, आकारमानाचा आहे. दिवसाला ९० किलो म्हणजे पंधरवड्याला १,३५० किलो. दीड टनाला ठीकठाक होडी पुरते असं वाटतं. पण सुटा, न दाबलेला सुका कचरा घनमीटरला जेमतेम ३५ किलो भरतो. म्हणजे ३९ घनमीटर, आणि ते कुठल्याही लहान होडीत मावत नाही. तोच माल हाताने चालवायच्या बेलिंग मशीनवर, म्हणजे गाठी बांधायच्या यंत्रावर, दाबून घनमीटरला १५० किलोपर्यंत आणला की ९ घनमीटर होतो, ३० किलोच्या ४५ गाठी. एक होडी, एक खेप. बेटावर पहिला खर्च करायचा तो याच मशीनवर, डब्यांवर नव्हे. वीज असली तरी हाताचं किंवा जॅकवर चालणारं घ्यावं, कारण मोटर बिघडली की मिस्त्री भरतीची वाट बघत समोरच्या काठावर बसतो. गाठ ३० किलोच्या वर बांधू नये. दोघींनी जेट्टीच्या निसरड्या पायरीवरून उतरवायची असते. काच, चपला आणि धातू गाठीत जात नाहीत, ते वेगळ्या पोत्यात.

आता होडीचा दिवस. ‘दर सोमवारी सकाळी नऊला’ असं वेळापत्रक बेटावर टिकत नाही. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. एका सोमवारी नऊला पाणी जेट्टीच्या कडेला असतं, पुढच्या सोमवारी तिथे चिखल असतो. इथे कोळ्यांचा जुना हिशेब उपयोगी पडतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. पाऊणएक तास इकडेतिकडे होतो, म्हणून छापील भरतीच्या तक्त्यावरून पक्की वेळ घ्यायची, पण दिवस तिथीवर ठरवायचा. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांत एकादशी ते त्रयोदशी हे तीन दिवस धरले तर भरती सकाळच्या कामाच्या वेळेत येते आणि पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाचा ओढाही अजून पुरता लागलेला नसतो. तीनपैकी एक दिवस वाऱ्याने गेला तरी दोन हातात राहतात. महिन्याला दोन खेपा, आणि गावात कुणालाही तारीख विचारावी लागत नाही.

भरती दोन्ही काठांवर बघायची असते, हे विसरलं जातं. समोरच्या काठावरच्या उरणच्या मोरा बंदराला (बेटावरची मोराबंदर वस्ती वेगळी) गाळाचा त्रास आहे, ओहोटीला होड्या लागत नाहीत, हे तिथून जाणाऱ्या-येणाऱ्यांना माहीत आहे. म्हणून पाणी चढत असतानाच बेटावर भरायला लागायचं, पूर्ण भरतीच्या आसपास समोर पोचायचं, आणि पाणी उतरायच्या आत खाली करून होडी मोकळी करायची. हातात साधारण दोन तास असतात. ४५ गाठी उतरवायला चार माणसं आणि काठावर उभा असलेला टेम्पो लागतो. टेम्पो उशिरा आला तर गाठी धक्क्यावर राहतात आणि तिथल्या लोकांशी पहिलं भांडण होतं. गाठी आदल्या रात्री जेट्टीवर आणून ठेवायचा मोह होतो, तो टाळावा. उधाण जवळ आलेलं असतं, आणि रात्रीच्या भरतीने दोन गाठी नेल्या की आपण गोळा केलेलं प्लास्टिक आपणच समुद्रात सोडल्यासारखं होतं.

समोरच्या काठावरचा करार लेखी हवा. भंगारवाला बाटल्या, पुठ्ठा, पत्रा, जाड प्लास्टिक घेतो. चिप्सची आणि शाम्पूची पाकिटं, म्हणजे आत चकचकीत थर असलेलं प्लास्टिक, तो घेत नाही, आणि नेमकं तेच सगळ्यात जास्त असतं. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण)च्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लास्टिक व्यवस्थापन केंद्र आणि त्याला १६ लाखांपर्यंत निधी अशी तरतूद आहे. पंचायत समितीत जाऊन आपल्या तालुक्याचं केंद्र चालू आहे का, बेटाच्या गाठी ते कुठल्या दिवशी घेणार, वजनाची पावती देणार का, हे कागदावर आणायचं. पॅड आणि डायपरसाठी जवळच्या नगरपरिषदेशी बोलावं लागतं. हे तिन्ही कागद हातात येईपर्यंत घरोघरी एकही गोण वाटू नये. उतावीळ सरपंचाला हे पटवणं अवघड असतं, पण अंतिम जागा नसलेलं संकलन म्हणजे ढीग इकडून तिकडे हलवणं.

शेडचं माप पावसाळ्यावरून निघतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ऑगस्टातही समुद्राचा भरवसा नसतो. तीन महिने खेप होणार नाही असं धरून चालायचं. ९० किलो गुणिले ९० दिवस, म्हणजे ८,१०० किलो, २७० गाठी. तीन थरांत रचल्या तर ९० चवडी, गाठीचा तळ ६० सेंटिमीटर चौरस धरला तर ३२ ते ३३ चौरस मीटर. त्यात निवडायचं टेबल, मशीन आणि चालायला वाट मिळवली की ५५ चौरस मीटर, साधारण ६०० चौरस फूट. याहून लहान शेड बांधली तर ऑगस्टात गाठी बाहेर ताडपत्रीखाली येतात, पुठ्ठा भिजतो, आणि भिजलेला पुठ्ठा कुणी घेत नाही. जागा निवडताना भरतीरेषेचा नकाशा मागून घ्यावा, किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. घारापुरीसारख्या ठिकाणी संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांत बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. वनखात्याची हद्दही बघावी. मंजुरीला लागणारा वेळ हाच सगळ्या कामातला सर्वांत लांब टप्पा, म्हणून अर्ज मोजणीच्याच आठवड्यात टाकायचे. दाराला आणि खिडक्यांना जाड जाळी, माकडांसाठी. आत वाळूच्या बादल्या. बॅटऱ्या आणि जुने मोबाईल गाठीत कधीही दाबायचे नाहीत, ते दाराजवळ वेगळ्या पत्र्याच्या डब्यात, कारण दाबताना फुटलेली बॅटरी रात्री पेट घेते.

ओला कचरा घराच्या आवारातच जिरवायचा. सरकारी चित्रात एक मीटर लांब-रुंद-खोल असे दोन खड्डे असतात, आलटून पालटून वापरायचे. खडकाळ बेटावर हातभर खाली पहार वाजते, आणि सखल जागी पावसात खड्डा विहीर होतो. तिथे जमिनीवर विटांची किंवा जांभ्याची भोकं ठेवलेली टाकी बांधावी. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची नाडेप टाकी याच तत्त्वावर आहे : १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतीत हवेची भोकं. ती शाळेला किंवा देवळाच्या बागेला ठीक. एका भरणीला दीड-दोन हजार लिटर पाणी लागतं, आणि मे महिन्यात बेटावर तेवढं पाणी कुणाकडे नसतं. घराला तीन फूट चौकोनी दोन टाक्या पुरतात. पाच माणसांच्या घरातून दिवसाला पाऊण किलो ओला निघतो, तो बसत बसत जातो, एक टाकी भरायला चार-पाच महिने सहज जातात.

मासळीची घाण मात्र तशीच टाकली तर पहिल्याच रात्री कुत्री टाकी उकरतात आणि घरातली बाई दुसऱ्या दिवसापासून परत समुद्रावर टाकायला लागते. तिला दोष देता येत नाही. इलाज असा : टाकीशेजारी सुक्या पाल्याचं पोतं भरलेलं ठेवायचं. मासळीची घाण मधोमध उकरून घालायची, तिच्या दुप्पट पाला, वर वीतभर माती, त्यावर जुन्या जाळ्याचा तुकडा आणि दगड. थंड झालेली राख मूठभर घातली तर वास आणि माश्या दोन्ही कमी होतात. पाला जानेवारी ते मार्चमध्ये गोळा करून ठेवावा लागतो, पावसात सुका पाला मिळत नाही आणि पावसातच टाकी सडते. अंगण नसलेल्या घरांसाठी दहा-बारा घरांमागे एक सामाईक टाकी आणि तिची जबाबदारी नावानिशी एकाच घरावर, मानधन देऊन. ‘सगळ्यांची’ टाकी महिन्याभरात कचराकुंडी होते.

आता घराचं दार. प्लास्टिकचे डबे वाटू नयेत. पाण्याची टंचाई असलेल्या गावात चांगला झाकणाचा डबा मिळाला की त्यात पाणीच भरलं जातं, आणि ते शहाणपणाचंच आहे. त्याऐवजी २५ किलो तांदळाची धुतलेली विणीव गोण, तिच्यावर रंगाने घर क्रमांक, आणि दाराबाहेर माकडाला न पोचेल असा खिळा. भरलेली गोण नेताना त्याच क्रमांकाची रिकामी गोण परत द्यायची, म्हणजे प्रत्येक घराला दोन. क्रमांकामुळे मिसळ, म्हणजे न निवडलेला कचरा, कुणाकडून येते ते ओरडा न करता कळतं. चुलीची राख सुक्याच्या गोणीत येऊ नये यासाठी पहिले दोन महिने प्रत्येक फेरीला विचारावं. वरून विझलेली दिसली तरी आत निखारा असतो, आणि गोण वाटेत किंवा शेडमध्ये पेटते. राखेला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा. पॅड कागदात गुंडाळून, लाल खूण करून, फेरीला आलेल्या ताईच्या झाकणाच्या बादलीत थेट द्यायचे. हे बोलणं बायकांच्या बैठकीत वेगळं करावं लागतं, ग्रामसभेत कुणी हा विषय उघडत नाही आणि मग ते पुड्यात लपून सुक्यात येतात.

तीनशे घरांना आठवड्यातून दोनदा फेरी म्हणजे सहाशे दारं. दोघींची एक जोडी सकाळच्या साडेतीन तासांत ७० ते ८० दारं करते, म्हणजे आठ जोडी-सकाळी. दोन जोड्या, चार दिवस फेरी, दोन दिवस निवडणं आणि गाठी. फेरी नेहमी वरच्या घरापासून सुरू करून उतारावर संपवायची, ओझं घेऊन चढावं लागू नये. डोक्यावरच्या पाटीत १५ किलोपेक्षा जास्त नको, सपाट वाटेवर एकचाकी हातगाडी. डोंगरापलीकडच्या वस्तीला पायवाटेने शेडपर्यंत आणण्यापेक्षा तिथेच एक लहान जाळीची खोली करून, होडीच्या दिवशी तिथून उचललेलं सोपं. ही सोय झाली नाही की ती वस्ती हळूहळू फेरीतून गळते. म्हणून गाव ‘पूर्ण’ झालं का, हे आम्ही जेट्टीजवळच्या घरांवरून ठरवत नाही, सगळ्यात लांबच्या दहा दारांच्या नोंदी बघतो. नोंदवहीत दारासमोर चारच खुणा : दिली, रिकामी, बंद, मिसळ. सलग तीनदा ‘रिकामी’ आली तर त्या घरी जायचं. कचरा नसलेलं घर नसतं, तो जळतोय किंवा पाण्यात जातोय. फेरी सुरू झाली त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या जुन्या कुंड्या काढून टाकाव्यात. एक जरी ठेवली तरी गोण मागे पडते.

पैशांचं गणित इथे कडक आहे. मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत तरतूद आहे. बाराशे लोकांचे ७२,००० रुपये, तेही एकदाच. समोरच्या पाच हजारांच्या गावाला तीन लाख मिळतात आणि त्याला होडीही लागत नाही. शेड आणि मशीनचा बाकीचा भार वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायच्या, निधीतून, त्यातल्या स्वच्छतेच्या वाट्यातून, उचलावा लागतो आणि तो ग्रामपंचायतीच्या आराखड्यात आधी लिहिलेला असावा लागतो. चालू खर्च मात्र गावाचाच. समजा चार जणींचं मानधन ७,००० प्रमाणे २८,०००, देखरेखीचे ८,०००, होडीचे ६,०००, टेम्पोचे ३,०००, गोण्या-दोरी-हातमोजे-दुरुस्ती ३,०००. महिना ४८,००० झाले. सुक्यातला तिसरा हिस्सा, ९०० किलो, सरासरी दहा रुपयांनी गेला तर ९,००० परत येतात. चाळीस टपऱ्या-खानावळींकडून ३०० प्रमाणे १२,०००. राहिले २७,०००, तीनशे घरांना घरटी ९० रुपये.

हे ९० रुपये दारोदार मागू नयेत. मागितले की आधी बंद घरं सुटतात, मग भाऊबंदकी असलेली, मग ‘आम्ही कचराच करत नाही’ म्हणणारी, आणि वर्षाखेरीस अर्धं गाव उरतं. ज्याने पैसे दिले नाहीत त्याची गोण उचलायची नाही असं ठरवलं तर ती गोण समुद्रात जाते, म्हणजे दंड गावालाच. ग्रामसभेचा ठराव करून ही रक्कम घरपट्टी, दिवाबत्ती, पाणीपट्टीच्या त्याच मागणीबिलात वर्षाची एकत्र घालावी, बंद घरांनाही. मुंबईकर गणपतीत बिल भरून जातात, आणि त्या दहा दिवसांत गावाची वस्ती दुप्पट होते तेव्हा त्यांच्याच कचऱ्याची जादा खेप करावी लागते. ती खेप अनंत चतुर्दशीच्या आधीच्या तीन दिवसांत आपोआप बसते, फक्त दुसऱ्या होडीचं आधी सांगून ठेवायचं. निर्माल्य होडीत नाही, ते टाकीत. त्यातले दोरे, प्लास्टिकची फुलं, सोनेरी कागद आधी काढून.

पर्यटकांचा आणि समुद्राने आणून टाकलेला कचरा याच माणसांच्या माथी मारू नये. लाटेने आलेल्या प्लास्टिकला मीठ-वाळू असते, भंगारवाला ते नाकारतो आणि एका गाठीत मिसळलं तर सगळी गाठ परत येते. त्याची वेगळी वजनवही, वेगळी रोजंदारी, आणि पैसे पर्यटकांकडून येणाऱ्या कराच्या उत्पन्नातून.

शेवटचं, खाऱ्या हवेचं. ताणकाट्याची स्प्रिंग वर्षभरात गंजून चुकीचं वजन दाखवायला लागते, म्हणून दर महिन्याला पाच किलोचं प्रमाणित वजन टांगून बघावं. हातगाडीला हवेच्या ट्यूबऐवजी भरीव रबरी चाक, पंक्चर काढणारा बेटावर नसतो. मशीनच्या स्क्रूला दर खेपेनंतर ग्रीस, जाळी आणि नटबोल्ट जस्त चढवलेले. मे अखेरीच्या खेपेत परत येताना पावसाळ्याचं सगळं सामान आणून ठेवायचं : गाठींची दोरी, दोनशे रिकाम्या गोण्या, हातमोजे, ग्रीसचा डबा आणि मशीनचा एक सुटा स्क्रू.